दुखवट्याचं सैन्य

इतिहास आमच्या गावात भाऊसाहेबांनी आणला. त्याआधी गढी होती, पण तिच्या बुरुजाला टेकून शेळ्या बसायच्या, आडोशाला माणसं बसायची, आणि पावसाळ्यात एखादा दगड घसरून खाली आला की ज्याच्या अंगणात पडला त्याचा तो कपडे धुवायचा दगड व्हायचा. आमच्याकडेही एक होता, चांगला घडीव, त्यावर आपटलेल्या चादरीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. गढी कोणी बांधली, कोणाशी लढली, हे विचारायला कोणाला वेळ नव्हता. मग भाऊसाहेब एकदा पुण्याकडे कोणाच्या तरी लग्नाला गेले. तिथे कुठल्याशा किल्ल्यावर त्यांनी घोडे पाहिले, मशाली पाहिल्या, अंगरखे घातलेली माणसं पाहिली आणि ती बघायला खुर्च्यांवर बसलेले मंत्री पाहिले. घोड्यांपेक्षा मंत्र्यांकडे त्यांचं लक्ष जास्त गेलं असणार. परत आल्याबरोबर त्यांनी जाहीर केलं की आपल्या गावचा 'वारसा महोत्सव' होणार. मुलींची शाळा त्यांची, कॉलेज त्यांचं, पतपेढी त्यांची, कापसाची जिनिंग त्यांची. आता इतिहास तेवढा राहिला होता, तोही घेतला.

गढीची म्हणून गावात एकच गोष्ट होती, आणि ती बायका मिरच्या कांडताना सांगायच्या. कधीतरी लुटारू चालून आले, पुरुष शेतात होते, तेव्हा गढीतल्या बायकांनी वाळल्या मिरच्यांची पोती वाऱ्याच्या तोंडाला पेटवली, आणि सगळं लष्कर शिंकत, डोळे चोळत तापी ओलांडून पळालं. खरं-खोटं देव जाणे. पण ऐकताना बायका पदर नाकाला लावून अशा हसायच्या, जणू परवाचीच गोष्ट. कॉलेजात इतिहास शिकवणारे एक सर होते, महोत्सवाचं लिखाण त्यांच्याकडे आलं, आणि त्यांनी पहिल्याच बैठकीत ही गोष्ट कापली. “याला आधार नाही,” म्हणाले. मग त्यांनी आधार असलेलं म्हणून जे लिहिलं, त्यात एक महाराज येतात, गढीच्या शूर सरदाराला भर दरबारात पाटावर बसवतात आणि स्वतःच्या हाताने त्याला मानाचं पागोटं बांधतात. बायका कुठे? बायका आरतीची ताटं घेऊन उभ्या. आणि याला आधार कोणता म्हणाल, तर सरदाराचं आडनाव भाऊसाहेबांचंच निघालं. सरांची बढती भाऊसाहेबांच्या सहीवर अडली होती, एवढा आधार त्यांना पुरला.

आता आमचं घर यात कसं शिरलं ते सांगते. वडील सुरतेला मिलमध्ये होते, सणावारी यायचे, येताना कापडाचे तुकडे आणि खोकला घेऊन यायचे. घरात आई, मी आणि धाकटा भाऊ. दाराशी शिलाई मशीन, आणि दिवसभर तिचा खडखडाट. मधेच जिनिंगचा भोंगा व्हायचा, तेवढ्यापुरती आई पाय थांबवायची, पाठ ताठ करायची, “भाकरी टाक गं” म्हणायची आणि पुन्हा सुरू. गल्लीतल्या सगळ्या पोरीबाळींची झंपरं आईच्या हातची. तिने धुळ्याला जाऊन शिवणाची सरकारी परीक्षाही दिली होती, आणि मुलींच्या शाळेतल्या जुन्या शिवणबाई निवृत्त झाल्या त्या दिवसापासून तिचा डोळा त्या जागेवर होता. ती जागा मिळाली तर वडील सुरतेहून परत येणार होते आणि मी जळगावला कॉलेजात जाणार होते. दहावी होऊन मी घरी बसले होते, काजं करत होते, हुका लावत होते. आमच्या तिघांचं पुढचं सगळं आयुष्य त्या एका शिवणबाईच्या खुर्चीवर टांगलेलं होतं. आणि खुर्ची भाऊसाहेबांची.

आई त्यांच्याकडे गेली की ते म्हणायचे, “बघू.” हा शब्द ते असा उच्चारायचे की माणसाला वाटावं, आता डोळे उघडून खरंच बघणार. मग महोत्सव ठरला आणि ते एकदा आमच्या दारात गाडी थांबवून, गाडीतूनच म्हणाले, “वहिनी, सैन्याचे कपडे तुम्ही शिवायचे. माझाही पोशाख तुम्हीच. महोत्सव पार पडला की दुसऱ्या दिवशी शाळेची ऑर्डर.” अख्ख्या गल्लीने ऐकलं. आईने डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला आणि अशी काही हसली की मला तिथून उठून जावंसं वाटलं. त्या दिवसापासून आईचं जे सुरू झालं! वांगी आली की भाऊसाहेबांकडे भरताचा डबा. डाळीचे फुणके केले की पहिलं ताट भाऊसाहेबांकडे. आमच्या ताटात ठेचा. त्यांच्या बायकोचं झंपर आधी, बाकी गाव नंतर.

“आई, तुला लाज नाही का गं वाटत, एवढं पुढे पुढे करायला?” मी एकदा विचारलं.

“वाटते ना. ऑर्डर हातात पडू दे, मग एकदम सगळी वाटून घेईन. तू काजं कर.”

कपडे शिवायचे, पण कापड? महोत्सवाच्या समितीकडे कापडाला काही नव्हतं. सगळं मंडपाला आणि भाऊसाहेबांचा फोटो असलेल्या फलकांना लागलं होतं. फलकावर भाऊसाहेब केवढे, आणि गढी त्यांच्या कानामागे दिसेल न दिसेल एवढी. सर घरी आले, हातात जुन्या चित्रांचं जाड पुस्तक. आईच्या मनात लाल मखमल होती, जर होती, पांढऱ्या घोड्यावर उठून दिसेल असा केशरी फेटा होता. सरांनी पान उघडून बोट ठेवलं.

“इतिहासात चमचम नव्हती, ताई. ती नाटकात. आपल्याला अस्सल पाहिजे. सुती, जाडंभरडं, पांढरं. पागोटंसुद्धा पांढरं.”

“बरोबर आहे सर,” आई म्हणाली. सर गेल्यावर म्हणाली, “बरंच झालं. पांढरं कापड तर घराघरांत पडलंय.”

ते कसं पडलंय, हे आमच्या भागातल्या माणसाला सांगावं लागत नाही, पण हल्लीची मुलं वाचतील म्हणून लिहिते. आमच्याकडे माणूस गेलं की गंधमुक्तीच्या दिवशी, म्हणजे सुतक फिटतं तेव्हा, सगळे सोयरे दुखवटा घेऊन येतात. टोपी, उपरणं, टॉवेल, पांढरं कापड. थोरला मुलगा डोकं भादरून पाटावर बसतो, त्याच्या सासरचा कोणी, सासरा नाहीतर मेहुणा, त्याच्या डोक्याला पांढरं पागोटं बांधतो, म्हणजे आता बाप गेला, घर तुझ्यावर. मग रांगेने एकेक जण येऊन टोपी-टॉवेल ठेवतो. आता एवढ्या टोप्या कोण घालणार? ते कापड शुभकार्यात चालत नाही, रोज वापरायला जीव धजत नाही, फेकवत तर नाहीच. त्यामुळे गावातल्या प्रत्येक घरात एक पत्र्याची पेटी असते आणि तिच्या तळाशी घरातल्या सगळ्या मेलेल्या माणसांचं कोरं कापड डांबरगोळ्यांत पडलेलं असतं.

आई पिशवी घेऊन दारोदार फिरली. कापड लोकांनी आनंदाने दिलं. “ने गं बाई, पेटी तरी मोकळी होईल,” असं म्हणून एकीने तर सासऱ्याचं, दिराचं आणि चुलतसासऱ्याचं एकदम काढून दिलं. समितीला कोणी चिंधी दिली नसती, आईला दिलं. भाऊसाहेबांच्या अंगरख्यासाठी आईने सगळ्यांत उंची कापड वापरलं, आणि ते आमच्याच पेटीतलं होतं. माझे आजोबा गेले तेव्हा माझ्या मामांनी वडिलांना आणलेलं, मऊ, दाट विणीचं. वडिलांनी ते कधी शिवलं नाही. “यांना शोभेल,” आई त्यावरून हात फिरवत म्हणाली. ऑर्डर मिळेल म्हणून तिने स्वतःच्या कातड्याचाही अंगरखा शिवला असता.

पुरुषी कपड्यांचं बेतणं कोपऱ्यावरच्या हमीदचाचांकडे होतं. टेलर माणूस, पान खाऊन बोलायचे, आणि आईशी त्यांचं भांडणाचंच नातं. ओटीवर पांढऱ्या बंड्यांचा, पांढऱ्या सुरवारींचा ढीग वाढत चालला तसे ते कैची थांबवून त्याच्याकडे बघायला लागले.

“भाभी, एक बात बोलू? ये फौज लड़ने को जा रही, की किसीको पोचाने को जा रही?”

“हमीदभाई, तोंड बंद, कैची चालू.”

“मेरा क्या जाता है. सर बोले इतिहास, तो इतिहास.”

माझी काही तक्रार नव्हती. मला तो ढीग बघून बरंच वाटायचं. गावचे सगळे म्हातारे पेटीतून बाहेर येऊन भाऊसाहेबांच्या मागे उभे राहणार होते, आणि भाऊसाहेबांना वाटणार होतं की आपल्यामागे मावळे आहेत.

माप द्यायला ते आमच्याकडे आले तो दिवस मला चांगला आठवतो. आईने दांडीवरची साडी काढली, पाहुण्यांचा कप काढला, धाकट्याला शेजारी पाठवलं. भाऊसाहेब घराच्या मधोमध हात पसरून उभे राहिले आणि पोटाचं माप देताना श्वास ओढून धरला. आईने तसंच लिहून घेतलं, मग मला डोळ्याने खूण केली, म्हणजे चार बोटं वाढव. सर सोबत होतेच, पुस्तकासकट. ते म्हणाले, “भाऊसाहेब, त्या काळी सरदार डोकं भादरायचे. फक्त शेंडी. मिशी मात्र असायची.” भाऊसाहेबांनी आरशात बघितलं. त्यांचे केस तसेही मधून गेले होते, बाजूचे ते आडवे ओढून घ्यायचे. “अस्सल करायचं तर अस्सल,” ते म्हणाले. जाताना त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

“ही काय करते?”

“जळगावला कॉलेजात जायचं म्हणते,” आई म्हणाली.

“बघू,” भाऊसाहेब म्हणाले.

महोत्सव थंडीत होता. गढीच्या पुढच्या मैदानात मंडप, कर्ण्यातून टेपवर पोवाडा, धुळ्याहून व्हिडिओ शूटिंगवाला आलेला, त्याच्या दिव्यामागे सगळी पोरं. खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत भाऊसाहेबांचे वडील आबा आणि आई जिजी. आबांना कमी ऐकू यायचं, पण ते मोठे हौशी, नवा कोट घालून, काठीवर हनुवटी टेकवून बसले होते. मुख्य पाहुणे म्हणून फैजपूरकडचे एक गृहस्थ होते, केळीचे मोठे बागायतदार, कसल्याशा महामंडळावर बसलेले. त्यांनी गाडीतून उतरल्याबरोबर विचारलं की मला कोणता पार्ट आहे. पाहुण्याला नाही कोण म्हणणार? महाराजांचं काम करणाऱ्या मास्तरांचा मुकुट आयत्या वेळी काढून त्यांच्या डोक्यावर ठेवला. आता या गृहस्थांची आणखी एक ओळख अशी की ते भाऊसाहेबांच्या बायकोचे सख्खे थोरले भाऊ. म्हणजे मेहुणे. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं आणि कोणाच्याही डोक्यात काही आलं नाही. आई आणि मी मंचाच्या बाजूला सुईदोरा घेऊन उभ्या होतो, सुटलेले टाके घालायला. माझ्याही डोक्यात आलं नाही. आईचं तर लक्षच नव्हतं, ती भाऊसाहेबांच्या अंगरख्याची पाठ बघत होती, चुणी पडते का म्हणून.

सैन्य आलं, दोन्ही बाजूंना ओळीने उभं राहिलं. कॉलेजची पोरं, पांढऱ्या बंड्या, पांढऱ्या सुरवारी, डोक्यावर पांढऱ्या टोप्यांना दोन घड्या मारून केलेल्या पगड्या, हातात बांबूचे भाले. मग भाऊसाहेब आले. डोकं गुळगुळीत भादरलेलं, उन्हात चकाकणारं. मंचावर पाट मांडला होता. ते बोडक्या डोक्याने, मान खाली घालून, हात जोडून पाटावर बसले. सरांनी माईकवर सांगितलं, “आता शांतता राखा. हा गंभीर क्षण आहे.” कर्णा बंद झाला. मेहुणे पुढे झाले, तबकातलं पांढरं पागोटं उचललं आणि हळूहळू भाऊसाहेबांच्या डोक्याला गुंडाळायला लागले. खाली आजूबाजूच्या गावांचे सरपंच सत्कारासाठी रांग धरून उभे होते. प्रत्येकाच्या हातात नारळ, टॉवेल आणि टोपी.

नेमकं तेव्हा नरडाण्याच्या आत्यांचं आगमन झालं. आबांची सख्खी बहीण, थकलेली, डोळ्यांना कमी दिसणारी. महोत्सवाचं आमंत्रण तिलाही गेलं होतं, पण एसटी उशिरा सुटली. कमानीतून आत आली आणि बघते तो काय! अख्खं गाव चिडीचूप. पांढऱ्या कपड्यांतली माणसं ओळीने उभी. भाचा डोकं भादरून पाटावर, आणि त्याचा मेहुणा त्याला पांढरं पागोटं बांधतोय. तिच्या हातातली पिशवी तिथेच पडली. तिने दोन्ही हातांनी ऊर बडवला आणि जो गळा काढला, तो शूटिंगवाल्याच्या कॅसेटवर अजून असेल.

“मना भाऊ गया वं माय! माले कोन्ही सांगं पन नही वं माय!”

आणि काय सांगू, अशा रडण्याला आमच्याकडे बायकांच्या गळ्यातून आपोआप साथ जाते. मागच्या जाजमावरच्या म्हाताऱ्या बायकांनी पदर तोंडावर घेतले आणि तिच्या सुरात सूर मिळवला. कोण गेलं हे त्यांना माहीत नव्हतं, पण एवढं पांढरं दिसतंय म्हणजे कोणीतरी गेलंच असणार. आरतीची ताटं घेऊन उभ्या असलेल्या पोरी खुदखुदायला लागल्या. रांगेतल्या एका सरपंचाने घाईघाईने नारळ मागे लपवला.

आबांनी काठीवरची हनुवटी उचलली. “कोन गया?” त्यांनी शेजारी विचारलं. कोणी सांगायला तयार नाही. ते वळून बघतात तो आपलीच बहीण आपल्याच नावाने रडतेय. “अवं, मी आठेच शे ना!” ते ओरडले. आत्या धडपडत पुढे आली, तिने त्यांचा चेहरा हाताने चाचपून बघितला, आणि मग तिला एकदम संतापच आला. “जित्ता शे तर मंग हाई काय लायेल शे?” म्हणून तिने मंचाकडे बोट केलं. आणि तेव्हा, त्या बोटामागून, साऱ्या गावाला एकदम दिसलं. आधी कोणीतरी खिकन् हसलं. मग तो मंडप असा काही हसला की कनाती हलल्या.

जिजी मात्र हसल्या नाहीत. त्या उठल्या आणि थेट मंचाच्या पायरीशी गेल्या. “शालक्या! तुना बाप जित्ता शे आनि तू डोकं भादरीसन पाटवर बठना? काढ ते डोकावरनं! काढ!” अख्खा जिल्हा ज्यांना भाऊसाहेब म्हणायचा, त्यांना शालक्या म्हणणारं हे एकच माणूस उरलं होतं, आणि ते आज माईकच्या जवळ उभं होतं. भाऊसाहेबांनी पागोटं ओरबाडून काढलं. मेहुण्यांनी मुकुट काढला आणि कुठे ठेवावा हे न कळून सरांच्या हातात दिला. आबांची तेवढी मजा चालली होती. “मना दुखवटा मना देखत! काय काय लई उनात रे, दाखाडा तरी,” असं म्हणत ते सरपंचांनी काय काय आणलंय ते बघायला मागत होते.

आता खजील झालेला मोठा माणूस काय करतो? तो लहान माणूस शोधतो. भाऊसाहेबांनी आधी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, “मी फक्त रंग सांगितला होता. कापड त्या बाईंनी आणलं. सगळं दुखवट्याचं आहे, मला कालच समजलं.” धादांत खोटं. पहिल्या दिवसापासून त्यांना माहीत होतं, त्यांच्या वडिलांचा टॉवेल स्वतः आणून दिला होता त्यांनी. पण भाऊसाहेबांचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्यांनी स्वतःच्या अंगावरच्या अंगरख्याकडे असं बघितलं, जणू आत कोणीतरी मेलेलं आहे.

“हेही?”

“माझ्या सासऱ्यांच्या वेळचं आहे,” आई म्हणाली. “सगळ्यांत चांगलं म्हणून तुमच्यासाठी—”

“गप्प बसा!” भाऊसाहेब माईकमध्येच ओरडले. “माझ्या बापाच्या मरणाची वाट बघता का? उद्यापासून माझ्या शाळेची पायरी चढायची नाही. कसली ऑर्डर नि कसली नोकरी. निघा इथून!”

कर्ण्यातून ते गावभर गेलं. जिनिंगपर्यंत गेलं. मी आईकडे बघितलं. मला वाटलं, आता ती हात जोडेल. पाय धरेल. इतके महिने मी तेच बघत आले होते. तिने पाय धरले असते तर मी तिला कधी क्षमा केली नसती, आणि नसते धरले तर माझं जळगाव गेलंच होतं.

आईने हातातली सुई झंपराला टोचून ठेवली. पदर डोक्यावरून खाली पडला होता, तो तिने परत घेतला नाही, कमरेला खोचला. आणि सैन्याच्या ओळीसमोर जाऊन उभी राहिली.

“काढा रे भो. बठ्ठा कपडा काढा. मनी मेहेनत शे ती.”

पोरं हसली. हसतात तर हसू देत, ती हलली नाही. “कापड लोकांनी मला दिलंय, याला नाही. आणि शिवलंय मी. काढा.” हमीदचाचा गर्दीतून ओरडले, “अरे निकालो ना, भाभी को कबतक खड़ा रखोगे!” एका मावळ्याने भाला खाली ठेवला आणि बंडीचे बंद सोडले. मग दुसऱ्याने. त्यानंतर सगळ्या ओळीला मजाच वाटायला लागली. खाली सगळ्यांच्या आपापल्या चड्ड्या-बनियनी होत्या, भोकं पडलेल्या, हिवाळ्याच्या उन्हात कुडकुडत उभं राहिलं ते अस्सल सैन्य, आणि आम्ही दोघी ओळीतून फिरत चादरीत कपडे गोळा करत होतो. मी आधी लाजत होते. मग लाजेनाशी झाले. शेवटी शेवटी तर मी पोरांना दटावत होते, “नीट घडी करून दे.”

ओळ संपली तशी आई मंचावर चढली.

“भाऊसाहेब, अंगरखा.”

“वहिनी, अहो लोक आहेत. पाहुणे आहेत.”

“लोकांसमोरच नोकरी काढलीत ना?”

भाऊसाहेबांनी मेहुण्यांकडे बघितलं. मेहुणे गढीकडे बघत होते. आबा खालून हात हलवून म्हणाले, “दे रे बाबा तिले. मना दुखवटा सध्या नको.” पुन्हा हशा. भाऊसाहेबांनी बंद सोडले. पोट आईने वाढवलेल्या चार बोटांतून बाहेर आलं. आईने अंगरखा घेतला, झटकला, खांद्यावर टाकला, आणि एकदा त्यांच्या सुरवारीकडे बघितलं.

“ती राहू द्या,” ती म्हणाली. “समोर तुमची आई उभी आहे.”

शिवणबाईच्या त्या जागेवर भाऊसाहेबांची भाची आली. तिला टीप मारता येत नव्हती, पण ती वेळेवर यायची म्हणे. सरांची बढती झाली. मी जळगावच्या कॉलेजात गेले नाही. पुढचं जे काही शिकले ते मशीनशेजारी बसून, रद्दीतून, म्हणून हे सगळं बोलल्यासारखं लिहिते. हल्ली आमच्याकडेही वारसा महोत्सव होतात. भाड्याच्या चमचम पोशाखातली माणसं, वरून उडणारा कॅमेरा, आणि फलकावर नवा भाऊसाहेब, गढी पुन्हा कानामागेच. माझी नात मला तिकडे चल म्हणते. मी सांगते, तू जाऊन ये, मला त्यात काही नवीन दिसायचं नाही.

त्या दिवशी आम्ही गढीकडून घरी निघालो तेव्हा ऊन कलत होतं. आईच्या डोक्यावर एक गाठोडं, माझ्या डोक्यावर दुसरं. मागे अजून हसण्याचा आवाज येत होता, कर्ण्यातून सर कोणालातरी शांतता राखा म्हणून सांगत होते. आई भराभर चालत होती, मला तिचा चेहरा दिसत नव्हता. वडिलांना सुरतेला कसं कळवायचं, हा विचार माझ्या मनात घोळत होता. जिनिंगच्या भिंतीशी आलो तेव्हा मला राहवलं नाही.

“आई, गेली ना नोकरी?”

“गेली.” ती थांबली नाही. “मागे बघ, अंगरखा घसरलाय माझ्या खांद्यावरून, धुळीत लोळतोय. उचल तो. चांगलं कापड आहे.”